मलय भाषेतली ‘बायको’ आणि तिची स्पेलिंगं : तक्त्याच्या कामाच्या नोंदी

६ फेब्रुवारी २०२५

तक्त्याला आज हात घातला. मलय भाषेत ‘बायको’ या अर्थाने वापरले गेलेले शब्द घ्यायचे, डच (आजचा इंडोनेशिया) आणि इंग्रज (आजचे मलेशिया-सिंगापूर) अमदानीत रोमन लिपीत त्यांची जी वेगवेगळी स्पेलिंगं झाली ती एका ओळीत आणायची आणि एकमेकांना जोडायची, एवढंच काम आहे. नेदरलंड्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘डेल्फर’ असो की सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘न्यूजपेपरएसजी’, दोन्हीकडे जुनी वर्तमानपत्रं स्कॅन होऊन पडली आहेत. पण शोधाची चौकट अक्षरं जुळवते, अर्थ जुळवत नाही. आजचं स्पेलिंग टाकलं की १९२० सालचं पान दिसत नाही, १९२० चं टाकलं की १९८० चं गायब.

सुरुवात याच शब्दांनी का, ते लिहून ठेवते. जुन्या कागदांत पुरुष नावानिशी येतो. बाई बहुतेक वेळा नात्याने येते: अमक्याची बिनी, तमक्याची इस्तरी, कुणा साहेबाची न्याई. नात्याचा शब्द हाती लागला नाही तर ती बाईच हाती लागत नाही. व्यापाराचे, शेतीचे, जहाजांचे शब्द जोडायला बरेच जण आहेत. हे शब्द कुणीतरी बसून जोडायला हवे होते.

रकाने ठरवले: आजचं इंडोनेशियन रूप, आजचं मलेशियन रूप, १९०१ ची डच पद्धत, १९०४ ची इंग्रज पद्धत, १९२४ ची झाबा पद्धत, १९४७ ची पद्धत, जावी लिपी. आणि शेवटचा रकाना माझ्या हट्टाचा: कोण कुणाला, कुठे म्हणत असे.

११ फेब्रुवारी

बिनी. यादीतला हा सगळ्यात अस्सल शब्द, कुठून उसना आणलेला नाही. तैवानपासून हवाईपर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन भाषांच्या मूळ घराण्यातला. तागालोगमधली ‘बाबाए’ आणि हवाईयनमधली ‘वाहिने’ या त्याच मुळाच्या.

तक्त्याच्या दृष्टीने ही ओळ सर्वांत सोपी. बी-आय-एन-आय. डच आणि इंग्रज ज्या ज्या उच्चारांवरून वेगळे झाले (ऊ, च, ज, य, ख), त्यांतला एकही या शब्दात नाही. म्हणून दोन्ही सरकारी पद्धतींत ती एकसारखीच लिहिली गेली. स्पेलिंगचे रकाने पाच मिनिटांत भरले.

शेवटचा रकाना मात्र सहज भरणारा नाही. आजच्या प्रमाण मलेशियन आणि इंडोनेशियन भाषेत कुणाच्या पत्नीचा ‘बिनी’ असा उल्लेख केला तर ते उद्धटपणाचं वाटतं. पण ब्रुनेईच्या मलयमध्ये ‘बिनी-बिनी’ म्हणजे चक्क बायका, स्त्रिया. दक्षिण बोर्निओच्या बंजर बोलीत आणि जाकार्ताच्या बतावीतही हा रोजच्या वापरातला शब्द आहे. ‘अनाक-बिनी’ हा जोडशब्द तर आपल्या ‘बायकापोरं’चा सख्खा भाऊ, फक्त तिथे पोरं आधी येतात.

सुमात्रातल्या पालेंबांगच्या एका निवृत्त शिक्षिकेशी रात्री बोलणं झालं. मी त्यांना इबू, म्हणजे आई, म्हणते, त्या मला ‘नक’ म्हणजे बाळ म्हणतात. त्या म्हणाल्या, “नक, माझ्या आजीच्या तोंडी बिनीच होतं, त्यात अपमान कुठला? शाळेत गेले तेव्हा गुरुजींनी सांगितलं, वहीत इस्तरी लिहायचं.” हे वाक्य त्यांची परवानगी घेऊन, नाव न देता, तळटिपेत ठेवलं.

१९ फेब्रुवारी

आज स्पेलिंगच्या पद्धती नीट मांडून घेतल्या. त्याशिवाय पुढची एकही ओळ भरता येणार नाही.

रोमनच्या आधी मलय जावी लिपीत, म्हणजे अरबी अक्षरांत, लिहिली जायची. रोमन लिपी युरोपीयांबरोबर आली, आणि सुरुवातीची दोन-तीनशे वर्षं ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. थॉमस बाउरी या इंग्रज दर्यावर्दी व्यापाऱ्याचा कोश १७०१ चा, विल्यम मार्सडेनचा १८१२ चा. दोघांचे कान वेगळे, म्हणून स्पेलिंगंही वेगळी. सरकारी शिस्त आली ती विसाव्या शतकाच्या तोंडावर, आणि तीही दोन सरकारांच्या दोन तऱ्हांनी.

डचांच्या बाजूने चार्ल्स आद्रियान फान ओफाउझेन. हा माणूस सुमात्रातच, सोलोक गावी जन्मलेला. एंगकू नवावी आणि मोहम्मद ताइब या दोन मलय जाणकारांना हाताशी धरून त्याने १९०१ मध्ये ‘किताब लोगात मलायू’ काढलं, आणि डच इंडीजच्या शाळांत तीच पद्धत रूढ झाली. इंग्रजांच्या बाजूने रिचर्ड विल्किन्सन. त्याच्या मोठ्या कोशाचे भाग १९०१ पासून निघू लागले आणि १९०४ मध्ये संयुक्त मलय संस्थानांसाठी सरकारी पद्धत ठरली. पुढे १९२४ मध्ये तांजोंग मालिमच्या सुलतान इद्रिस ट्रेनिंग कॉलेजात झैनुल आबिदीन बिन अहमद, म्हणजेच ‘झाबा’, यांनी ती सुधारून घेतली.

फरक असे. ‘ऊ’साठी डच ‘ओ-ई’ लिहायचे, इंग्रज नुसतं ‘यू’. ‘च’साठी डच ‘टी-जे’, इंग्रज ‘सी-एच’. ‘ज’साठी डच ‘डी-जे’, इंग्रज ‘जे’. ‘य’साठी डच ‘जे’, इंग्रज ‘वाय’. आणि डचांचं ‘सी-एच’ म्हणजे ‘ख’! एकाच मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या दोन तीरांवर एकच भाषा बोलणारी माणसं, पण अलीकडच्या शाळेत शिकलेल्या मुलाला पलीकडचं पुस्तक अडखळत वाचावं लागायचं. इंग्रजांनी पुण्याच्या स्पेलिंगात दोन ‘ओ’ घातले तेव्हा आपल्याकडे निदान मराठी पुस्तकांना त्याची झळ लागली नाही, कारण आपली लिपी शाबूत होती. मलयची रोजची लिपीच बदलली, म्हणून तिकडे ही गोष्ट इतकी खोल गेली.

स्वतंत्र इंडोनेशियाने मार्च १९४७ मध्ये शिक्षणमंत्री सुवांडी यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आणली आणि ‘ओ-ई’ जाऊन ‘यू’ आलं. बाकीची डच जोडाक्षरं तशीच राहिली. ती गेली ऑगस्ट १९७२ मध्ये, इंडोनेशिया आणि मलेशिया यांनी मिळून एक पद्धत स्वीकारली तेव्हा.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. पानावर ‘यू’ आणि ‘डी-जे’ शेजारी शेजारी दिसले की ते इंडोनेशियातलं आणि १९४७ ते १९७२ मधलं असण्याचा संभव खूप. ‘ओ-ई’ दिसलं तर त्याच्या आधीचं. माणसांची नावं याला अपवाद. सुकार्नो आणि सुहार्तो या दोघांच्याही नावात ‘ओ-ई’ शेवटपर्यंत दिसतं. ‘बिनी’ शब्द एकटा असला तर पानाचं वय सांगत नाही. तिच्या आजूबाजूचे शब्द सांगतात.

२२ फेब्रुवारी

रूपांतराचे नियम लिहिले. इथे क्रम हाच सगळा खेळ आहे. जुन्या डच स्पेलिंगातलं ‘डी-जे’ आधी ‘जे’ केलं आणि नंतर ‘जे’चं ‘वाय’ केलं, तर ‘जांडा’ची (घटस्फोटिता किंवा विधवा) ‘यांडा’ होते आणि असा शब्दच भाषेत नाही. म्हणून ‘डी-जे’, ‘टी-जे’, ‘एन-जे’, ‘एस-जे’ या जोड्या आधी खुणेच्या चिन्हांनी झाकायच्या, मग एकटा राहिलेला ‘जे’ ‘वाय’ करायचा, आणि शेवटी झाकलेल्या जोड्या उघडून त्यांची नवी रूपं द्यायची.

त्याच्याही आधी मजकूर कोणत्या तीरावरचा आहे ते ओळखायला हवं. इंग्रज पद्धतीच्या पानावर हे नियम चालवले तर बरोबर असलेले ‘जे’ बिघडतील. तीराचा रकाना सक्तीचा केला. तो रिकामा असेल तर नियम चालणारच नाहीत.

३ मार्च

इस्तरी. मूळ संस्कृत ‘स्त्री’. तीन व्यंजनं एकदम तोंडात घेऊन शब्द सुरू करणं मलय जिभेला मानवत नाही, म्हणून आधी ‘इ’ आला आणि ‘त’ व ‘र’च्या मध्ये एक पुसट स्वर शिरला. आपल्याकडे खेड्यापाड्यांत आणि जात्यावरच्या ओव्यांत ‘अस्तुरी’ झाली ती याच वाटेने: एक स्वर पुढे, एक स्वर आत. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकाच शब्दाला इतकं सारखं वळण द्यावं, याचा मला मनापासून आनंद झाला.

मधला तो पुसट स्वर हाच स्पेलिंगचा प्रश्न. विल्किन्सनने त्यासाठी ‘ई’ अक्षरावर छोटी वाटीसारखी खूण दिली. ओफाउझेनने उलट केलं: पुसट स्वराला साधं ‘ई’, आणि स्पष्ट ‘ए’ला वर तिरकी रेघ. जुन्या जावीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहितच नसत, त्यामुळे नकलकाराला हा प्रश्न कधी पडलाच नाही. आज मलेशिया शब्दातलं मधलं ‘ई’ ठेवतो आणि इंडोनेशियाचा प्रमाण कोश ते गाळतो. १९७२ मध्ये एकत्र येऊनही या शब्दावर दोन्ही देश वेगळेच राहिले.

स्कॅन केलेल्या पानावर वाटीची खूण यंत्राला वाचता येत नाही. कधी तिचा सहाचा आकडा होतो, कधी मधलं अक्षरच गळतं. सापडतील तेवढी विद्रूप रूपं वेगळ्या रकान्यात घेतली. ती चुकीची असली तरी शोधताना तीच उपयोगी पडतात.

मराठी रकान्यात ‘इस्तरी’ असंच लिहायचं ठरवलं. इंडोनेशियन रूप काटेकोर उतरवलं तर ‘इस्त्री’ होतं, आणि आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे परीटघडी येते.

जोडीला नवऱ्याचा शब्दही घेतला: ‘सुआमी’, म्हणजे स्वामी. डच पद्धतीत यालाही ‘ओ-ई’ आहे, त्यामुळे इस्तरी शोधताना शेजारी तो सापडला की पानाचा काळ लगेच कळतो.

१२ मार्च

‘ओरांग रुमाह’. शब्दशः घरचं माणूस, अर्थ बायको. पुरुषाने चारचौघांत स्वतःच्या बायकोबद्दल बोलताना वापरायचा सभ्य शब्द. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ किंवा ‘आमची मंडळी’ म्हणायचे ते अगदी हेच. पण दोन साध्या शब्दांची ही जोडी यंत्राला ओळखू येणार नाही. ‘घरातली माणसं’ असाही अर्थ होतो. प्रत्येक वाक्य वाचूनच ठरवावं लागेल. ओळ भरली, ‘हाताने तपासा’ असा शेरा मारला.

३१ मार्च

काल पाडवा झाला, आज चैत्र शुद्ध द्वितीया. पालेंबांगजवळच्या तालांग तुवोच्या शिलालेखाची ओळ आजच भरायची असं महिनाभर आधीच ठरवलं होतं, कारण तो लेख याच तिथीचा आहे: शके ६०६, चैत्र शुक्लपक्ष द्वितीया. इसवी सनाच्या हिशेबाने २३ मार्च ६८४.

लेख सापडला १७ नोव्हेंबर १९२० रोजी. लुई कॉन्स्टंट वेस्टेनेंक हे तेव्हा पालेंबांगचे डच रेसिडेंट होते, त्यांना तो मिळाला. पल्लव लिपीतल्या चौदा ओळी, भाषा जुनी मलय. सुमात्रातल्या श्रीविजय राज्याचा राजा श्री जयनाश याने ‘श्रीक्षेत्र’ नावाची बाग लावली, तिची ही नोंद. नारळ, पोफळी, साबूदाण्याचे माड, बांबू लावले आहेत; त्यांचं, आणि बांध नि तळी यांचं पुण्य सर्व प्राण्यांना लाभो, असं राजा म्हणतो. पुढे प्रार्थना लांबत जाते. अन्नपाणी मिळो, गुरं वाढोत, रोग न होवोत, सेवक निष्ठावान असोत, मित्रांच्या मनात कपट नसो. मग आपली ओळ येते: ‘विनिञ’, म्हणजे त्यांची बायको, ‘अनुकूल भार्या’ असो. आणि जिथे ते राहतील तिथे ‘चुरी’, ‘वध’, ‘परदार’ नसो.

मूळ ओळ वाचताना मी थांबून थांबून पुढे सरकले. मित्र, कपट, अनुकूल, भार्या, वध, परदार हे शब्द मराठी माणसाला कोश न उघडता कळतात. आणि त्यांच्या मध्ये, प्रत्यय लावून, घरगुती ‘बिनी’ बसली आहे. त्या लेखनात आजच्या ‘ब’च्या जागी ‘व’ येतो. ‘बुलान’ म्हणजे महिना, तोही तिथे ‘वुलान’ आहे. तेव्हा विनी म्हणजेच बिनी.

एकाच वाक्यात बायकोसाठी दोन शब्द. दगडावर ते गुण्यागोविंदाने शेजारी बसलेत, आणि कामं वाटून घेतलेली आहेत. बिनी हे नातं सांगते, भार्या ही त्या नात्याकडून असलेली धार्मिक अपेक्षा सांगते. बोलण्यात वापरायचा शब्द मलय, आदर्श सांगायचा शब्द संस्कृत. पुढे ‘बिनी’ खालच्या पायरीची आणि ‘इस्तरी’ वरच्या पायरीची झाली, त्या वाटणीची सुरुवात मला इथे दिसते. भार्या मात्र रोजच्या मलयमध्ये टिकली नाही. ‘चुरी’ टिकली, आजही मलयमध्ये चोरी करणं म्हणजे ‘मंचुरी’.

इबूंना ही ओळ पाठवली. त्या पालेंबांगच्याच. मूळ दगड आता जाकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, पण त्यांनी शाळेच्या सहलीत मुलांना नेऊन जागा दाखवली होती. त्यांचं उत्तर आलं: “बघ नक, गुरुजींच्या आधीपासून आहे बिनी.”

शेवटच्या रकान्यात लिहिलं: राजाच्या शिलालेखात, प्रार्थनेत, प्रजेच्या पत्नीसाठी.

८ एप्रिल

न्योन्या आणि न्याई. हे दोन शब्द एकत्र हाताळते आहे, कारण डच स्पेलिंगात दोन्ही ‘एन-जे’ने सुरू होतात आणि वर्तमानपत्रांत शेजारी शेजारी सापडतात. पण वसाहतीतल्या एकाच घरात एकीला दार पुढचं होतं आणि दुसरीला मागचं.

न्योन्या म्हणजे बाईसाहेब. गोऱ्या साहेबाची लग्नाची बायको, किंवा प्रतिष्ठित चिनी घरातली विवाहिता. कोशकार हा शब्द पोर्तुगीज ‘दोना’शी जोडतात. मलाक्का १५११ पासून १६४१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं आणि कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालायचा, त्यामुळे या शब्दाच्या प्रवासात मांडवीचंही पाणी आहे. डच ‘एन-जे-ओ-एन-जे-ए’ लिहायचे, आणि ते १९०१ पासून १९७२ पर्यंत तसंच टिकलं, कारण १९४७ च्या सुधारणेने ‘एन-जे’ला हात लावला नाही. सिंगापूर-पेनांगच्या इंग्रजीत मात्र पहिला ‘य’ गळून ‘नोन्या’ झाली. खाणावळींच्या पाट्यांवर ती अजून आहे.

न्याईचं दुखणं वेगळं. जावा-सुंडा भागात हा मूळचा मानाचा शब्द, पोक्त बाईला हाक मारायचा. आजही जावात पसान्त्रेनच्या, म्हणजे धार्मिक निवासी शाळेच्या, गुरूला ‘किआई’ म्हणतात आणि त्याच्या पत्नीला ‘न्याई’. पण डच वसाहतीत त्याच शब्दाचा अर्थ झाला: लग्नावाचून युरोपीय पुरुषाचं घर सांभाळणारी, त्याची मुलं वाढवणारी स्थानिक बाई. कागदोपत्री ‘घरकामवाली’. मुलांना बापाने कायद्याने आपलं म्हटलं तर ती युरोपीय ठरायची, आई मात्र ‘देशी बाई’ म्हणूनच उरायची. तिला कधीही घालवून देता येत असे, आणि अशी मुलं आईपासून तुटली ती कायमची. १८९८ च्या मिश्र विवाहाच्या नियमाने लग्न झालेल्या बायकोला नवऱ्याचा कायदेशीर दर्जा मिळू लागला. म्हणजे लग्नाची आणि बिनलग्नाची यांच्यातली भिंत कागदावर आणखी जाड झाली.

आता तक्त्यात न्याई कुठे बसवायची? ‘बायको’च्या यादीत घातली तर तिला जे कधी दिलंच गेलं नाही ते दिल्यासारखं होतं, आणि तिच्यावरचा अन्याय झाकला जातो. यादीतून काढली तर ती पुन्हा घराबाहेर. मी तिला यादीत ठेवलं, आणि तिच्यामुळे सगळ्याच ओळींना एक नवा रकाना दिला: कायद्यातलं स्थान. न्याईच्या पुढे, ‘जावात धर्मगुरूची पत्नी: विवाहित, मानाची. वसाहती कागदांत: विवाहाचा हक्क नाही.’ दोन ओळी, एकच स्पेलिंग.

या ओळींना जितका वेळ लागेल तितका देणार आहे. डेल्फरवर ‘एन-जे-ए-आय’ टाकून येणारं प्रत्येक पान वाचायचं आहे, कारण या न्याईंची नावं काही ठिकाणी बातमीच्या शेवटच्या ओळीत येतात. यंत्राने मोजलेल्या आकड्यात ती नावं दिसणार नाहीत.

२१ एप्रिल

इंडोनेशियात आज कार्तिनी दिवस. कार्तिनींचा जन्म २१ एप्रिल १८७९ चा, जपाराचा. मुलींच्या शिक्षणासाठी लिहिणारी ही बाई आपल्याकडच्या सावित्रीबाईंच्या वाचकांना ओळखीची वाटेल. पण आज त्यांचं नाव इथे येतं आहे ते त्यांच्या पदवीमुळे. शब्द जावानीज आहेत, मलय नव्हेत, तरी मलय वर्तमानपत्रांत पदोपदी येतात म्हणून घेतले.

उच्चकुळातली अविवाहित मुलगी ‘राडेन अजेंग’, लग्न झालं की ‘राडेन आयू’. डच पद्धतीत ‘अजेंग’मधला ज ‘डी-जे’ने लिहायचा आणि ‘आयू’मधला य नुसत्या ‘जे’ने. नव्या पद्धतीत ‘अजेंग’ला नुसतं ‘जे’ येतं. म्हणजे जुन्या कागदावर ‘जे’ विवाहितेची खूण, नव्या कागदावर तेच अक्षर कुमारिकेच्या पदवीत. बाविसाव्या तारखेला, फेब्रुवारीत, क्रमाचे जे नियम लिहिले ते नसते तर यंत्राने लग्न झालेल्या बायकांना कुमारिका आणि कुमारिकांना भलतंच काही करून टाकलं असतं.

कार्तिनींची आई न्गासिराह सामान्य घरातली. तिचं लग्न आधी झालेलं असूनही ‘राडेन आयू’ ती नव्हती. तो मान उच्चकुळातल्या दुसऱ्या पत्नीला. स्वतः कार्तिनी बहुपत्नीत्वाच्या विरोधात तळमळून लिहीत आल्या, आणि १९०३ मध्ये त्यांचं लग्न झालं ते आधीच बायका असलेल्या रेंबांगच्या रीजंटशी, म्हणजे डचांच्या हाताखालच्या जावानीज जिल्हाप्रमुखाशी. पुढच्याच सप्टेंबरात, बाळंतपणानंतर चार दिवसांनी, पंचविशीत त्या गेल्या. ‘कोण कुणाला म्हणत असे’ या रकान्यात आईची आणि मुलीची अशा दोन्ही नोंदी केल्या. एका घरातल्या दोन पिढ्यांत ही पदवी कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल?

५ मे

‘मादू’ म्हणजे सवत. ‘मादू’ म्हणजे मधही. जुन्या स्पेलिंगात दोन्हींना ‘ओ-ई’, नव्यात दोन्हींना ‘यू’. शोधात मधाच्या जाहिरातीच जास्त येतात. क्रियापद ‘बर्मादू’, म्हणजे सवत नांदणं, हे शोधलं की बरंच गाळलं जातं.

‘गुंडिक’, म्हणजे ठेवलेली किंवा दुय्यम बायको. डच स्पेलिंगात ‘ओ-ई’, इंग्रजांत ‘यू’. विशेष काही नाही.

१४ मे

‘परम्पुआन’ म्हणजे स्त्री. बायकोच्या यादीत ती का, असं एका सहकाऱ्याने विचारलं. कारण मलेशियातल्या केलांतान राज्यात सुलतानाच्या पत्नीला ‘राजा परम्पुआन’ ही पदवी दिली गेली आहे. शब्दाच्या पोटात ‘एम्पू’ आहे, म्हणजे धनी, मालक. डच पद्धतीत मध्ये ‘ओ-ई’ आल्याने शब्द लांबलचक दिसतो. २२ डिसेंबर १९२८ रोजी योग्याकार्तात भरलेल्या पहिल्या महिला परिषदेचं नाव तसंच ‘ओ-ई’सकट छापलेलं आहे. तो दिवस इंडोनेशियात आज मातृदिन आहे. बालविवाह, तलाक, विधवांचा आधार हे तिथले विषय, म्हणजे आमच्या तक्त्यातले निम्मे शब्द त्या सभागृहात बोलले गेले असणार. परिषदेची तारीख टाकूनच वर्तमानपत्रं आधी चाळायची.

२६ मे

‘परमाइसुरी’, म्हणजे परमेश्वरी. राणी, राजाची मुख्य पत्नी. डचांत ‘ओ-ई’, इंग्रजांत ‘यू’, आज दोन्हीकडे ‘यू’. इथवर सोपं.

पण मलेशियाच्या राजाच्या पत्नीची १९५७ च्या राज्यघटनेतली पदवी ‘राजा परमाइसुरी आगोंग’. शेवटच्या शब्दात ‘ओ’ आहे तो इंग्रज अमदानीतल्या पद्धतीचा. तिथे व्यंजनाने संपणाऱ्या शेवटच्या अक्षरातला ‘उ’ पुष्कळदा ‘ओ’ने लिहायचे. १९७२ च्या नियमाने तो ‘आगुंग’ व्हायला हवा, बालीच्या ज्वालामुखीचं नाव तसंच लिहितात. घटनेतली पदवी मात्र बदलली नाही. तांजोंग मालिम गावाच्या पाटीवरही तो ‘ओ’ आहेच.

यावरून तक्त्यावर काम करणाऱ्या आमच्या गटात चर्चा झाली. दोघांचं म्हणणं, सगळं आजच्या स्पेलिंगात बदलून टाकू, शोध सोपा होईल. मी ठाम विरोध केला. स्पेलिंग हाच पुरावा आहे: कागद कुठल्या तीरावरचा, कुठल्या दशकातला, लिहिणारा कुठल्या शाळेत शिकलेला, हे त्यातूनच कळतं. मजकूर बदलला की ते सगळं जातं आणि परत मिळत नाही. जोडणी तक्त्यात ठेवायची, मजकुराला हात लावायचा नाही. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत इयन प्राउडफुट यांनी उभ्या केलेल्या मलय कॉन्कॉर्डन्स प्रोजेक्टसारखी कामं जुन्या ग्रंथांसाठी एकाच आजच्या स्पेलिंगात शोधू देतात, आणि तिथे ते योग्यच आहे, कारण ते ग्रंथ मुळात जावीत होते. आम्ही चाळतो त्या रोमन लिपीतल्या वर्तमानपत्रांचं तसं नाही. ती जन्मापासून रोमनमध्ये आहेत, तेच त्यांचं मूळ रूप.

बराच वेळ बोलणं झाल्यावर सगळ्यांनी मान्य केलं. नियम लेखी घेतला.

३० मे

पहिली आवृत्ती गटाकडे सोपवली. बिनी, इस्तरी, ओरांग रुमाह, न्योन्या, न्याई, राडेन आयू, मादू, गुंडिक, राजा परम्पुआन, परमाइसुरी. इबू पालेंबांगच्या बोलीतली वाक्यं आवाजासकट रेकॉर्ड करून देणार आहेत.

पुढच्या टप्प्यात ‘जांडा’ आणि ‘बालू’, म्हणजे नवरा नसलेल्या बायकांचे शब्द. जांडामध्ये घटस्फोटिता आणि विधवा दोन्ही येतात, बालू फक्त विधवा. डच पद्धतीत एकीला ‘डी-जे’ आहे, दुसरीला ‘ओ-ई’, म्हणून दोघींसाठी वेगवेगळे शोध लावावे लागतील. जूनमध्ये डेल्फरवर १९२८ च्या डिसेंबरपासून सुरुवात.